छोट्या तळ्यातला हट्टी मस्की: मागे येतो, बघतो आणि निघून जातो. काय करावं?

मिनेवारी (११ ऑगस्ट)
मंडळी, इथे माशांवर धागे बरेच आहेत पण ते एकतर कोकणातले नाहीतर सरळ पाककृती विभागातले, म्हणून हा वेगळा काढतोय. मी अमेरिकेत, मिनियापोलिसच्या बाहेर राहतो. घराजवळ एक तळं आहे, शंभर एकरांच्या आसपास (नाव विचारू नका, सांगणार नाही), आणि त्यातल्या एका मस्कीनं माझी झोप उडवली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मस्की म्हणजे मस्कीलंज, इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. लांबुळका, तोंडात दातच दात, चार फुटांहूनही मोठा होतो. इथले लोक त्याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे तेवढ्यांदा गळ फेकलात तर एखादा मिळणार.

तर तळ्याच्या पश्चिमेला एक जमिनीचं टोक पाण्याखाली पुढे गेलंय, तिथे कॅबेज वीड (पाण्यातली रुंद पानांची वनस्पती) संपतं आणि एकदम खोल होतं. तिथे बकटेल (केसाळ ल्यूर, म्हणजे गळाचं खोटं भक्ष्य) टाकला की हा मागे येतो. अगदी बोटीपर्यंत. परवा तर बोटीपासून हातभर अंतरावर थांबला, कल्ले हलतायत, शेपटीचं टोक तेवढं थरथरतंय, डोळा ल्यूरवर, आणि मग काहीही न करता तसाच मागे मागे खाली बुडत गेला. ल्यूर बदलून झाले, रंग बदलून झाले. सकाळी जातो, संध्याकाळी जातो. अनुभवी लोकांनी सांगा, लहान तळ्यात ह्याला गाठायचा कसा?

रिकामटेकडा
तळ्याचं नाव काय?

मिनेवारी
😀 नाही.

सुको_बांगडो
अरे मेल्या, चार फुटाचो मासो! एका माशात आख्ख्या वाडीचा जेवाण. कधी येव जेवूक?

मिनेवारी
काका, पकडून सोडणार आहे. इथे बहुतेक सगळे सोडतातच. आणि मिनेसोटात ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही, कायदाच आहे.

सुको_बांगडो
सोडतलंस?? मगे जातंस कित्याक? हात धुवूक?

दुर्वा
उलट बरं आहे की, श्रावण चालू आहे. पकडायचा आणि सोडायचा, श्रावणही पाळला आणि हौसही भागली.

बकटेल_बाबा
मी विस्कॉन्सिनला बरीच वर्षं आहे आणि ह्या रोगानं पछाडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मासा मागे येतोय ही वाईट बातमी नाहीये. तो कुठे राहतो हे तुला फुकटात कळलंय. मोठ्या तळ्यावर लोक सगळा सीझन नुसतं हेच शोधत फिरतात. आता ही माहिती जपून वापरायची. तू बहुतेक रोज जाऊन तिथेच फेकतोयस ना? लहान तळ्यात मोठे मस्की मोजकेच असतात, प्रत्येक माशानं प्रत्येक बोटीतला प्रत्येक ल्यूर पाहिलेला असतो, त्यात तुझा तर पाठ झाला असेल. एकदा फॉलो दिला की दोन-चार कास्ट वेगळ्या ल्यूरनं मारायचे आणि निघायचं. जागा थंड होऊ द्यायची. मग त्याच दिवशी परत यायचं पण वेळ बघून: सूर्य मावळताना, किंवा चंद्र उगवता-मावळताना, किंवा वादळाआधी दाब पडायला लागतो आणि ढग दाटून येतात तेव्हा. सकाळी नुसता मागे आलेला मासा संध्याकाळी त्याच जागी खातो, हे मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, तू आठ काढतोस का? ल्यूर बोटीजवळ आला की उचलून परत फेकायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून मोठा इंग्रजी आठचा आकडा काढायचा. वळणं रुंद पाहिजेत, एवढा लांब मासा छोट्या वळणात फिरू शकत नाही, त्याचा नाद सुटतो. वळणावर ल्यूर थोडा खोल न्यायचा, बाहेर पडताना वर घेऊन वेग वाढवायचा. तुझं वर्णन वाचून वाटतं की मासा दिसला आणि तू थांबलास. थांबला ल्यूर की संपलं, पळणारं भक्ष्य अचानक उभं राहत नाही.

मिनेवारी
बाबा, आठ काढतो पण मासा दिसला की हात गोठतात, खरं सांगतो. आणि माझा रॉड ७ फुटी आहे, टोक खोल जातच नाही.

बकटेल_बाबा
इथेच निम्मं उत्तर आलं. साडेआठ-नऊ फुटी घे. नुसती हौस नाहीये ती, लांब रॉडनं आठ मोठा निघतो. ब्रेडेड लाइन ८० पौंडी किंवा १०० पौंडी, पुढे जाड फ्लुरोकार्बनचा नाहीतर तारेचा लीडर, म्हणजे ल्यूरच्या आधीचा शेवटचा तुकडा. लीडरशिवाय टाकू नकोस, दातांनी लाइन कापली की तोंडात ट्रेबल हुक (तिहेरी गळ) घेऊन मासा गेला. आणि आठ प्रत्येक कास्टला काढायचा, मासा दिसो वा न दिसो, म्हणजे हाताला सवय लागते. बरेचदा मासा खालून येतो आणि शेवटपर्यंत दिसतच नाही.

गणितमास्तर
चंद्राबद्दल मी असहमत. लोक चंद्र उगवताना जातात, तेव्हाच जोर लावून फेकतात, म्हणून तेव्हाच मासे मिळतात. बाकीच्या वेळी बोटीत सँडविच खात बसलेले असतात. कोणी सगळ्या वेळेला सारखेच कास्ट मारून नोंद ठेवलीये का? मी ठेवतो (हो, एक्सेल आहे, हसा). माझ्या नोंदीत हवेचा बदल आणि कमी उजेड ह्यांचा संबंध दिसतो, चंद्राचा मला तरी दिसला नाही.

बकटेल_बाबा
मास्तर, तुमच्या एक्सेलमध्ये मासे किती आणि रिकाम्या ओळी किती?

गणितमास्तर
रिकाम्या ओळी हाच तर डेटा आहे.

रिकामटेकडा
म्हणजे हा मासा सरकारी हापिसासारखा आहे, खिडकी कधी उघडणार ते कोणालाच माहीत नाही पण उघडली की तुम्ही समोर पाहिजे.

अबोली_मॅडिसन
मी कयाकमधून करते. लहान तळ्यासाठी माझं पहिलं सांगणं आवाजाचं आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी रेघ असते तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते. बोटीत पक्कड पडली, टॅकल बॉक्सचं झाकण आपटलं, ट्रोलिंग मोटर (बोटीची छोटी इलेक्ट्रिक मोटर) फुल करून त्या टोकावर गेलात, की त्याला तुम्ही आलात हे कळलंच. मिनियापोलिस शहरातल्या तळ्यांवर तर पेट्रोल इंजिन चालतच नाही, तरी लोक इलेक्ट्रिक मोटर सारखी चालू-बंद करत राहतात. लांबूनच मोटर बंद करा, वाऱ्यावर वाहत या.

दुसरं, कास्टची दिशा. सगळे खोल पाण्यात बोट ठेवून वीडकडे फेकतात. मी कधीकधी उलट करते, उथळ बाजूला राहून खोल पाण्याकडे फेकते आणि ल्यूर वर चढवत आणते. किंवा वीडच्या कडेला समांतर. त्या माशानं तो कोन पाहिलेला नसतो.

आणि मोठाच ल्यूर हवा, ह्याच्याशी मी सहमत नाही. लहान तळ्यात, जिथे बोटी खूप येतात तिथे, सगळे दोन मोठ्या पात्यांचा भलामोठा बकटेल ओढत असतात. मी बास माशासाठीचा लहान स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्यूर) टाकते. हसतात लोक. हसू देत.

बकटेल_बाबा
अबोलीताई, लहान ल्यूरबद्दल उन्हाळ्याच्या सुरुवातीला सहमत. शरद ऋतूत नाही. पाणी गार झालं की त्याला एकदाच मोठा घास हवा असतो, तेव्हा मोठं रबर (रबरी ल्यूर) सावकाश ओढायचं, मध्ये मध्ये सोडून द्यायचं.

मुळशीकर
विषयांतर होतंय पण राहवत नाही. आमच्याकडे मरळीचं असंच. पिल्लांचा थवा पाण्यावर लालसर दिसतो, खाली नर-मादी राखण करत असतात, तेव्हा त्या कशावरही तुटून पडतात. पण तेव्हा पकडली तर पिल्लं गेली, बाकीचे मासे खाऊन टाकतात. जुनी माणसं तेव्हा गळ टाकू द्यायची नाहीत, आता कोण ऐकतंय. आणि महसीर! लोणावळ्याला टाटा पॉवरनं वळवण तलावावर १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार करून ते नद्यांत-तलावांत सोडलं म्हणून काहीतरी शिल्लक आहे. तेव्हा सुको_बांगडो काका, पकडून सोडायचं हे काही गोऱ्यांचं खूळ नाही, महसीरवाले पण सोडतातच.

सुको_बांगडो
बरा बाबा. आमच्याकडेव पावसात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडये बंद असतत, मगे नारळी पुनव. थय माशाक सुट्टी, हय माशाक नाटक.

उत्तरध्रुव
मिनेवारी, एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो मस्की आहे हे नक्की का? अंगावर काय आहे ते आठवून सांगा. गडद अंगावर फिके ठिपके असतील तर तो नॉर्दर्न पाइक. फिक्या अंगावर गडद ठिपके किंवा पट्टे असतील तर मस्की. शेपटीची टोकं पाइकची गोलसर, मस्कीची टोकदार. हातात आला तर खालच्या जबड्याच्या खाली छिद्रं मोजायची, एका बाजूला पाच किंवा कमी असतील तर पाइक, सहा ते नऊ असतील तर मस्की.

मिनेवारी
फिकं अंग आणि त्यावर उभे ठळक पट्टे, वाघासारखे. शेपटीची टोकं जरा गोलच वाटली पण पाण्यात नीट कळत नाही.

उत्तरध्रुव
मग बहुतेक तो टायगर मस्की आहे. मस्की आणि पाइकचा संकर, पिल्लं होत नाहीत. मिनेसोटाचा डीएनआर (राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग) शहराजवळच्या लहान तळ्यांत हेच सोडतो. डीएनआरच्या लेकफाइंडर संकेतस्थळावर तळ्याचं नाव घाला (इथे नको, तिथे तरी घाला), कुठल्या साली काय सोडलं आणि किती सोडलं सगळं मिळेल. त्यावरून वयाचा अंदाज येतो, आणि गेली काही वर्षं काही सोडलंच नसेल तर तळ्यात उरलेत किती त्याचाही. अशा टायगर तळ्यांना नियम वेगळा असतो, शहर परिसरातल्या ठरावीक तळ्यांत किमान ४० इंच. आपलं तळं यादीत आहे का ते नियमपुस्तिकेत बघा.

मिनेवारी
बघितलं!! टायगरच सोडलेत. आणि मी समजत होतो एकच मासा आहे, सोडलेले तर शेकड्यांत आहेत.

उत्तरध्रुव
ते बोटाएवढे-वीतभर असताना सोडतात, त्यातले बरेचसे बास आणि पाइकच्या पोटात जातात. शेकडा वाचून हुरळू नका.

अबोली_मॅडिसन
एक महत्त्वाचं. ऑगस्ट आहे. पाण्याचं तापमान मोजलंय का?

मिनेवारी
काल संध्याकाळी ८२ फॅरनहाइट.

अबोली_मॅडिसन
मग बंद करा. लगेच. वरच्या पाण्याचं तापमान ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या वर गेलं की मस्की पकडूच नये. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, मासा झुंजून थकतो, तुम्ही नीट सोडलात, तो पोहत गेलाही, तरी नंतर तळाशी जाऊन मरू शकतो. तुम्हाला ते दिसणारही नाही.

रिकामटेकडा
२७ ला मासा मरतो? आमच्याकडे डोंबिवलीत २७ झालं की लोक स्वेटर काढतात. कपाटातून. घालायला.

दुर्वा
मला हेच विचारायचं होतं. खायचा नाही, मग त्याच्या तोंडात काटे घालून दमवायचा आणि फोटो काढून सोडायचा, ह्यात मजा कसली? खाणाऱ्याला निदान भूक असते. राग मानू नका, खरंच विचारतेय.

गणितमास्तर
प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर: त्रास होतो, आणि तो शून्य करता येत नाही, कमी करता येतो. पण हेही खरं की लायसन्सच्या पैशातूनच हे मासे सोडले जातात, आणि टायगरला तर पिल्लंच होत नाहीत, सोडायचं बंद झालं तर ह्या तळ्यातले संपले. तुम्हाला पटेलच असं नाही.

दुर्वा
पटलं नाही, पण कळलं.

मुळशीकर
खाणाऱ्यांनी पण जपून. एवढा मोठा आणि इतकी वर्षं दुसरे मासे खाणारा मासा म्हणजे अंगात पारा साठलेला असतो. लहान मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांसाठी मोठे शिकारी मासे टाळायलाच सांगतात.

सुको_बांगडो
पारो? मगे सोडून दी तेका. तोंडाक पाणी सुटला हुता ता पण गेला.

बकटेल_बाबा
दुर्वाताईंच्या प्रश्नावरून: सोडायची तयारी आधी, मासा नंतर. मोठं, रबरी जाळीचं, खोल नेट. लांब नाकाची पक्कड. हुक कापायची मजबूत कात्री, कारण रुतलेला ट्रेबल ओढत बसण्यापेक्षा कापून टाकणं केव्हाही बरं, हुक दहा रुपयाला मिळतो. हुकच्या टोकाचे उलटे काटे पकडीनं दाबून ठेवलेस तर अजून सोपं. मासा नेटमध्येच पाण्यात ठेवायचा, हुक तिथेच काढायचा. फोटोसाठी कॅमेरा आधी तयार, मग उचलायचा, आडवा, एक हात कल्ल्याखाली आणि एक पोटाखाली. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. मग पाण्यात शेपटीच्या बुडाशी धरून ठेवायचा, तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत.

रिकामटेकडा
दहा रुपये? अमेरिकेत?

बकटेल_बाबा
अरे सवय. इतकी वर्षं झाली, किंमत तोंडात रुपयातच येते.

गणितमास्तर
विस्कॉन्सिनचा विषय निघालाच आहे तर बाबा, हेवर्डचा तो मासा पाहिलाय का? मस्की हा त्यांचा राज्यमासा, १९५५ पासून. आणि हेवर्डला मासेमारीच्या संग्रहालयात फायबरग्लासचा १४३ फुटी मस्की उभा केलाय, पोटातून जिन्यानं चढायचं आणि त्याच्या जबड्यात उभं राहून फोटो काढायचा.

बकटेल_बाबा
पाहुणे आले की नेतोच. आणि भांडण माहीत आहे ना? जगातला सगळ्यात मोठा मस्की कोणता ह्यावर. लुई स्प्रेचा ६९ पौंड ११ औंसांचा, चिप्पेवा फ्लोएज तलावातला, तो हेवर्डवाले मानतात. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन मात्र कॅल जॉन्सनचा ६७ पौंड ८ औंसांचा मानते. दोन्ही मासे १९४९ चे आणि दोन्ही हेवर्डच्याच आसपासचे. दोघांच्याही फोटोंवर लोक अजून पट्टी लावून बसलेत. वजनाचं खोटं बोलणं ही परंपरा जुनी आहे.

मिनेवारी (२२ सप्टेंबर)
धागा वर काढतो. पाणी ६६ वर आलंय. लांब रॉड घेतला, नेट घेतलं. घरी नेटची किंमत सांगितलेली नाही. मधले दोन शनिवार-रविवार गणपतीत गेले (मंडळाच्या जेवणात वाढप्या होतो, सुटका नाही). आता विचारतो: शरदात ह्या लहान तळ्यात नक्की कुठे बघू? तळं उलटतं म्हणतात ते काय?

उत्तरध्रुव
वरचं पाणी गार होत होत खालच्याइतकं झालं की वाऱ्यानं सगळं तळं ढवळून निघतं. उन्हाळ्यात वर कोमट, खाली गार असे थर असतात ते मोडतात. त्या काही दिवसांत मासे कुठेही असू शकतात, तेव्हा डोकं फोडून घेऊ नका. खूप उथळ तळं असेल तर असे थर पक्के धरतही नाहीत.

अबोली_मॅडिसन
हिरवं वीड शोधा. तपकिरी पडून कुजायला लागलेलं सोडा. लहान तळ्यात ऑक्टोबरमध्ये हिरवं कॅबेज एखाद-दोन ठिकाणीच उरतं, छोटे मासे तिथे गोळा होतात आणि मग त्यांच्या मागे हा. तुमचं ते टोक आता ओसाड असेल कदाचित.

रिकामटेकडा
जिवंत मासा लावून का नाही ठेवत? गावाला आम्ही बेडूक लावायचो.

बकटेल_बाबा
लावतात, सकर नावाचा मासा, आणि शरदात जबरदस्त चालतो. पण एका हुकवर लावून माशाला गिळू दिलंस तर हुक पोटात, मग सोडून उपयोग नाही. क्विक स्ट्राइक रिग लावायचा, मासा धरल्या धरल्या खेचायचं. आणि उरलेले सकर तळ्यात ओतायचे नाहीत, बोटीचा प्लग काढून पाणी तिथेच सोडायचं, वीड झटकायचं. झेब्रा मसल (बाहेरून आलेला शिंपला) एकदा शिरला की तळं गेलं.

मिनेवारी (१९ ऑक्टोबर)
मंडळी!!

काल दुपारपासून आभाळ भरून आलं, दक्षिणेचा वारा, रात्री पाऊस सांगितलेला. मोटर लांबच बंद केली. टोकावर काहीच नव्हतं, अबोली म्हणाली तसं सगळं तपकिरी. पण उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे ओढा येतो, तिथे खोलीभर जागेत हिरवं कॅबेज उभं होतं. समांतर कास्ट मारला, रबर, सावकाश. बोटीपाशी काहीच दिसलं नाही तरी आठ काढला (बाबा, सवयीनं!). दुसऱ्या वळणावर रॉड खालच्या खाली गेला. मी वर न उचलता बाजूला खेचला. सगळं एका मिनिटात नेटमध्ये. टायगर, ३६ इंच, पट्टे असे स्वच्छ की बघत राहावं. एक ट्रेबल जबड्याच्या कोपऱ्यात होता, कापून टाकला. फोटो टाकलाय, चेहरा झाकलाय, माशाचा नाही, माझा.

पण हा तो नव्हे. तो ह्याच्यापेक्षा चांगला वीतभर लांब आहे, पैजेवर सांगतो.

बकटेल_बाबा
अभिनंदन रे!! बाजूला खेचलंस ते बरं केलंस, वर उचलला असतास तर ल्यूर तोंडातून निघून आला असता.

गणितमास्तर
अभिनंदन. चंद्र कुठे होता?

मिनेवारी
ढगाआड, मास्तर. 😀

अबोली_मॅडिसन
छान! आता त्या कोपऱ्याला निदान आठवडाभर हात लावू नका. मोठा पण बहुधा तिथेच येणार, दुसरं हिरवं उरलंच नाहीये ना. सीझन १ डिसेंबरपर्यंत आहे, बर्फ लवकर नाही धरला तर वेळ आहे. आणि हातमोजे न्या, ओल्या ब्रेडेड लाइननं बोटं फाटतात.

सुको_बांगडो
फोटो बगलंय. मासो बरो आसा. पन तू इतको बारीक कित्याक झालंस?

रिकामटेकडा
ओढा येतो, उत्तरेचा कोपरा, शंभर एकर, मिनियापोलिसच्या बाहेर. नकाशा उघडून बसलोय.

मिनेवारी
संपादक महाशय, माझा वरचा प्रतिसाद संपादित करता येईल का? तातडीनं.